शालिकरामाचा मंगळ

कारंज्याच्या बाजारात वांगी विकताना शालिकरामनं आभाळातली गोष्ट काढली नाही, असा बाजार सहसा जात नसे. गिऱ्हाईक खाली बसून वांगी दाबून बघतंय, कुठं कीड आहे का ते न्याहाळतंय, आणि हा तराजू तसाच हवेत धरून सांगतोय:

"काकू, चंद्रावर हेच वांगं हातात घेतलं ना, तं कापसाच्या बोंडासारखं हलकं लागते."

"मंग तिथंच जाऊन इक बाप्पा. इथं पुरं माप टाक."

आजूबाजूचे हसत. शालिकरामही हसे, पुरं माप टाके आणि वर एक वांगं जास्तीचं ठेवी. त्यामुळे लोकांची पंचाईत व्हायची. आमच्याकडे वेड्याला बह्याड म्हणतात. याला बह्याड म्हणावं, तर पोरगा हिशेबात चुकत नाही, मापात मारत नाही, कोणाच्या वाट्याला जात नाही. शहाणा म्हणावा, तर म्हणतो मंगळावर कालवे आहेत. मिरचीवाला म्हणे, "अर्धा बह्याड हाय." त्यावर कांदेवाली विचारी, "कोन्ता अर्धा? वरचा का खालचा?" आणि बाजार पुन्हा हसे.

साल छत्तीसचं. शालिकरामचे वडील मारोतराव यांचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. एक विहीर, तिच्यावर मोट, मोटेला बैलजोडी. वांगी, मिरची, मेथी आणि कोथिंबीर, जिला इकडं सांबार म्हणतात. शालिकराम एकुलता एक. मराठी शाळेत थोडंफार शिकलेला. शाळा सुटली, पण वाचायची खोड सुटली नाही. भाजी विकून झाली की टोपली वाचनालयाच्या पायरीवर ठेवायची आणि आत शिरायचं, हा त्याचा नेम. तिथं पुण्याहून एक मासिक येई. त्यात एक गोष्ट क्रमाक्रमानं छापून येत होती. कोणी एक प्रोफेसर स्वतःच्या अंगणात घागरीसारखं पोटाळं यंत्र बांधतो आणि त्यात बसून मंगळावर जातो. आज आपण अशा गोष्टींना विज्ञानकथा म्हणतो. तेव्हा मासिकवाले त्यांना शास्त्रीय अद्भुत गोष्टी म्हणत, आणि शालिकरामची आई सोजरबाई नुसतं 'थे', म्हणजे 'ते', म्हणे. "आज थे वाचून आला का? मंग आज भाकरीकडं ध्यान राह्यनार नाई."

प्रोफेसरानं यंत्राच्या काचेतून पहिल्यांदा मंगळावरचे कालवे पाहिले, तो भाग शालिकरामनं वाचला, त्या दिवशी बाहेर पायरीवर कोणाच्या तरी शेळीनं उरलेली सगळी मेथी खाल्ली. रिकामी टोपली घेऊन तो मळ्यात आला तो धावतच.

"बाबा, तिथं पाऊस पडत नाई. मंग त्या लोकायनं काय केलं, माईत हाय? टोकावरच्या बर्फाचं पानी आनलं. सारा मंगळ खोदला. जिकडं पाहा तिकडं पाट."

मारोतराव मोटेवर होते. बैल मागं सारत म्हणाले, "त्यायनं सारा मंगळ खोदला, अन् तुह्यानं मिरचीचा एक पाट साफ होत नाई."

पण गोष्ट पाण्याची होती. जन्मभर विहिरीतून पाणी ओढणाऱ्या घरातल्या पोराला दुसऱ्या जगातलं पाणी दिसलं, आणि तो त्यात बुडाला. यात नवल ते काय, असं आज वाटतं. तेव्हा सोजरबाईला वाटत नव्हतं. तिला एकच घोर होता. या पोराला मुलगी कोण देणार?

मारोतरावांची बहीण तुळसाबाई मानोऱ्याकडच्या एका गावात दिलेली. ती संक्रांतीला माहेरी आली. दोघी नणंद-भावजया तीळ निवडत बसल्या.

"पोट्ट्याचं काय म्हन्ते, वयनी? पाह्यलं का कुठी?"

"काय पाहा बाई. मंगळ लागला त्याले."

तुळसाबाईचा हात सुपात थांबला. "मंगळ?"

"मंगळच. उठता मंगळ, बसता मंगळ. या मंगळापायी त्याचं लगन होत नाई, लिहून ठेव."

"अन् हे तुमी आजपावतो लपवून ठेवलं?"

"लपवाले काय हाय त्याच्यात? साऱ्या बाजाराले माईत हाय."

आता, तुळसाबाईनं दुसरं काय समजावं? पोराला मंगळ आहे म्हटल्यावर शहाण्या बाईला पत्रिकाच आठवणार. आणि तिच्या गावात बबनरावांची चतुरा होती. अठरा पुरी झालेली, कामाला वाघ, दिसायला नीटस. पण पत्रिकेत मंगळ, आणि तोही कडक. मंगळाची मुलगी बिनमंगळाच्या मुलाला दिली तर त्याच्या जिवाला धोका, म्हणून आलेलं प्रत्येक स्थळ पाणी पिऊन उठून गेलं होतं. गावात तिचं नावच 'मंगळाची चतुरा' पडलेलं. मंगळाला मंगळ मिळाला तर मात्र दोघांचाही दोष फिटतो. तुळसाबाई तीळ तसेच टाकून दुसऱ्याच दिवशी सासरी गेली आणि थोड्या दिवसांनी निरोप घेऊन परत आली.

"ठरल्यासारखंच हाय. तुमच्या पोट्ट्याचं सारं सांगतलं म्या त्यायले. तरी तयार हायेत."

सोजरबाईचा विश्वास बसेना. "सारं सांगतलं? मंगळाचंबी?"

"थेच तं पह्यले सांगतलं. त्यायच्या पोरीलेबी मंगळच हाय."

"पोरीलेबी?" सोजरबाईनं कपाळाला हात लावला.

पण दारात वांग्याची टोपली घेऊन उभा असलेला शालिकराम टोपलीसकट आत आला. "आत्या, थे बी? कवापासून?"

"लहानपनापासून. अन् असा तसा नाई. कडक हाय म्हन्ते."

शालिकराम टोपलीवरच बसला. सगळ्या वऱ्हाडात आपल्यासारखं कोणी नाही, असं धरून चालणारा माणूस तो. आणि तिकडं मानोऱ्याकडं एक मुलगी, लहानपणापासून, आणि कडक. त्या दिवसापासून त्यानं मासिकाचे जुने अंक पुन्हा वाचायला घेतले. तिच्यापुढं आपण कच्चे पडायला नको, म्हणून.

बैलबंडी जुंपून मंडळी गेली तेव्हा पळस पेटला होता. बबनरावांच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली. बबनराव धिप्पाड, मिशाळ. त्यांची आई गोजराबाई खांबाला टेकून बसलेली. गावचे जोशीबुवा पंचांग मांडीवर घेऊन तयार. तुळसाबाई दोन्ही घरची, म्हणून मधोमध. चतुरा पाण्याचे तांबे ठेवून, डोक्यावरचा पदर सावरून आजीच्या मागं बसली. शालिकरामनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि तो उगाच तयार होऊन बसला, शाळेत तोंडी परीक्षेला बसतात तसा.

जोशीबुवांनी घसा साफ केला. "मुलाचा मंगळ कुठल्या घरात आहे?"

"महाराज, त्याले कशाचं घर? थो तं फिरतच राह्यते."

"हो, ग्रह म्हटल्यावर फिरणारच. पण सध्या?"

"सध्या लय दूर हाय. पुढच्या साली जवळ येईन. तवा लालच लाल दिसते."

जोशीबुवांना मुलगा अभ्यासू वाटला. बबनरावांकडं बघून त्यांनी मान डोलावली. "बरं. मग कडक आहे की सौम्य?"

"थंड हाय, महाराज. लय थंड. प्रोफेसर सायबानं दोन घोंगड्या नेल्या होत्या, तरी कुडकुडले."

बबनराव पुढं सरकले. "कोन प्रोफेसर?"

"जे जाऊन आले थे."

"कुठी जाऊन आले?"

"मंगळावर."

बबनराव सावकाश तुळसाबाईकडं वळले.

"बाई, तुमी म्हनलं पोराले मंगळ हाय."

"वयनीनंच सांगतलं, लागला म्हनून."

"लागलाच हाय ना," सोजरबाई म्हणाली. "पाहून राह्यले नाई का तुमी?"

शालिकरामचं या कशाकडं लक्ष नव्हतं. एवढ्या वाटेवर जे विचारायचं ठरवून आला होता, ते त्यानं थेट चतुराला विचारलं. "तुमी कुठपावतो वाचलं? कालव्यायचा भाग झाला का?"

चतुरानं आजीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "मले वाचता येत नाई."

"मंग तुमचा मंगळ?"

"मले पत्रिकेतला हाय."

शालिकरामचा चेहरा असा उतरला, की बबनरावांच्या आतल्या रागालाही क्षणभर थबकावं लागलं. पण क्षणभरच. त्यांनी सुपारीचं तबक पुढं सरकवलं, म्हणजे आता उठा.

"मारोतराव, राग मानू नोका. मंगळाच्या पोराले पोरगी देतो म्हनलं होतं म्या. मंगळावरच्या पोराले नाई. पोरगा बह्याड हाय."

मारोतराव खाली मान घालून जोडे शोधू लागले. तेवढ्यात खांबाजवळून आवाज आला.

"बबन्या, बस खाली." गोजराबाईनं तंबाखूची चिमूट गालात सारली. "पोरा, इकडं पाह्य. हे मंगळावरची मानसं, पाट, प्रोफेसर. हे तू खरं मानते का?"

शालिकरामनं जरा विचार केला. "माईत नाई आजी. असतीन, नसतीनबी. गोष्ट हाय थे."

"म्हन्जे गोष्ट हाय, हे तुले समजते."

"हाव. वांगं वांगं हाय, गोष्ट गोष्ट हाय. पन गोष्ट लय चांगली हाय."

"झालं तं मंग." ती लेकाकडं वळली. "दिवाळीच्या दंडारीत लुगडं नेसून कोन नाचते रे?"

दंडार म्हणजे गावचा नाच-सोंगांचा खेळ. बबनरावांचं बाईचं सोंग पंचक्रोशीत गाजलेलं. त्यांनी मिशी चोळली.

"थे येगळं हाय, माय."

"काहून येगळं?"

"थे कला हाय."

"मागच्या साली दंडार संपली, लुगडं घडी करून पेटीत गेलं, तरी तू हप्ताभर घरात मुरकत चालत होता. तुह्या बायकोले म्हने, 'अगं बाई, चहा कर.' म्या नेलं का तुले कुठी दाखवाले?"

तुळसाबाईनं पदर तोंडात कोंबला. जोशीबुवांनी पंचांग वर धरून चेहरा झाकला.

"लोकायसमोर कायले काढते थे," बबनराव पुटपुटले.

"त्याले वर पाह्याचा नाद, तुले मुरकाचा. त्याच्या नादानं कोनाचं लुगडं तरी खराब होत नाई."

या गडबडीत एक आवाज आला, तो कोणाच्या अपेक्षेत नव्हता. बघायला आलेल्या मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. चतुरा बोलली.

"एक इचारू का? त्या एवढ्या पाटायवर दारं कोन धरते?"

भाजीच्या मळ्यात पाटाचं पाणी एका वाफ्यात भरलं की मातीचा बांध लावायचा आणि फावड्यानं पुढच्या वाफ्याचा फोडायचा. त्याला दारं धरणं म्हणतात. माणूस तिथं उभं नसलं की एक वाफा बुडतो आणि दुसरा वाळतो. चतुराच्या बापाचा मळा होता आणि दारं तीच धरत होती.

तो भाग त्याला जवळजवळ पाठ होता. कालवे किती लांब, किती रुंद, कुठल्या यंत्रानं खोदले, सगळं. पण हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"लिहिलं नाई त्यायनं," तो म्हणाला.

"एवढा मुलूख खोदला, अन् दारं धराले मानूस नाई? एका दिवसात सारी मिरची सडन."

"खरं हाय."

"लिहिनाऱ्यानं कधी दारं धरलं नसन."

"पुन्यातला हाय थो," शालिकराम म्हणाला, जणू त्याच्या वतीनं माफी मागत होता. मग हळूच म्हणाला, "मले वाटते, बायाच धरत असतीन."

"मंग त्यायच्याबी पायाले चिखल्या होत असतीन."

"होत असतीन. त्यायले तं बोटंबी सहा हायेत, मंग जास्तच."

चतुरा हसली. पदराआड, पण हसली. मग हसणं आवरून तिनं दुसरा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना तिचा आवाज जरा वेगळा होता. "अन् थो मंगळ… त्याले मी माईत हाय का? त्यानं माही एकबी सोयरीक होऊ देली नाई, म्हनून इचारतो."

"तुमी?" शालिकराम गोंधळला. "तिथून पाह्यलं तं ही सारी धरती ज्वारीच्या दान्यायेवढी दिसते. त्याच्यात वाशीम कुठी, मानोरा कुठी, अन् तुमी कुठी. थो आपल्या वाटेनं फिरून राह्यला. त्याले काही माईत नाई."

चतुरानं मान वर केली आणि त्याच्याकडं सरळ पाहिलं. इतक्या वर्षांत तिला कोणी उपास सांगितले होते, कोणी खडे, कोणी देव. मंगळाला तिची खबरच नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"मंग मी उगाच त्याले शिव्या देत होतो," ती म्हणाली.

सोजरबाई हे सगळं बघत होती. तिचा लेक पहिल्यांदाच मंगळाबद्दल बोलताना आढ्याकडं न बघता माणसाकडं बघत होता. आणि समोरचं माणूस उठून जात नव्हतं. तिला आपल्या कानांची सुटका दिसू लागली.

पण मारोतरावांना जोडे सापडले होते. "पोरगी सोन्यासारखी हाय, बबनराव. पन आता गोष्ट उलटी झाली. आमच्या पोराले तं मंगळ नाई. एकुलता एक हाय. मंगळाच्या पोरीशी कसं करावं?"

बबनरावही पेचात पडले. मघाशी पोरगा नको म्हणणारे तेच आता म्हणाले, "पत्रिका पाह्यली का पन तुमी?"

"पत्रिका केलीच नाई कधी."

जोशीबुवांनी पंचांग उघडलं. ही वेळ आपली आहे हे त्यांना कळलं. "जन्मतिथी सांगा."

"शिवरातीच्या दुसऱ्या दिवशी," मारोतराव म्हणाले आणि सालही सांगितलं.

"आणि वेळ?"

"मोट जुंपाच्या वख्ती."

जोशीबुवांनी बोटांच्या पेरांवर काही मोजलं, ओठ हलवले. "म्हणजे सकाळ. नाही. मंगळ नाही बसत." चतुरानं पदर पुन्हा पुढं ओढला. बुवांनी अजून थोडं मोजलं आणि कोणाकडंही न बघता म्हणाले, "मोट सोडण्याच्या वेळेस असता तर गोष्ट वेगळी. वेळ बदलली की लग्न बदलतं."

मारोतराव दचकले. "लगन कसं बदलते? अजून झालं कुठी हाय?"

"अहो, ते लग्न नव्हे. पत्रिकेतलं लग्न. तुमचं लग्न या लग्नावर अवलंबून. हे जर दुपारचं धरलं, तर मंगळ बरोबर सातव्या घरात येतो."

मग सोजरबाई म्हणाली, "सोडली होती."

"काय?" मारोतरावांनी विचारलं.

"मोट. सोडली होती."

"सोडली कशी? मी जुंपून राह्यलो होतो ना. पोट्ट्याचा आवाज आयकून मोटेचा नाडा सुटला माह्या हातातून."

"आवाज दुसऱ्या कोनाचा असन."

"दुसऱ्या कोनाचा? वावरात अजून कोन बाळंत होत होतं?"

"अवो," सोजरबाई शांतपणे म्हणाली, "बाळंत तुमी झाल्ते का मी?"

मारोतराव जोड्यांसकट खाली बसले. जोशीबुवांनी शाई काढली.

आता शालिकरामचं काय होत होतं ते सांगायला हवं. आयुष्यात त्यानं मंगळाबद्दल चुकीचं बोलणाऱ्या कोणाला सोडलं नव्हतं. भर बाजारात एका वकिलाला त्यानं वांगी देता देता थांबवलं होतं, कारण वकील मंगळाला तारा म्हणाले. आणि इथं डोळ्यांदेखत मंगळ उचलला जात होता, आपल्या वाटेवरून काढून एका चौकोनात बसवला जात होता, आणि तोही विहिरीवरच्या मोटेच्या जोरावर. त्याची कानशिलं तापली. तो पुढं झुकला.

"महाराज, पन मंगळ असा मोटेनं…"

सगळी ओसरी त्याच्याकडं वळली. सोजरबाईचे डोळे. गोजराबाईचा थांबलेला जबडा. आणि आजीच्या खांद्यामागून चतुरा. तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही, काही नाही. नुसती बघत होती. आत्ता हा माणूस तोंड उघडेल आणि आपलं हेही स्थळ पाणी पिऊन उठून जाईल, एवढंच त्या बघण्यात होतं.

"काय म्हणता?" जोशीबुवांनी लेखणी उचलली.

शालिकरामनं तबकातली सुपारी घेतली आणि तोंडात टाकली. "काही नाई. चालू द्या."

मंगळ सातव्या घरात बसला. बबनरावांनी आतल्यांना पाहुण्यांच्या जेवणाला रोडगे भाजायला सांगितलं.

घरी जाताना बंडीत त्याला राहवेना. "आई, मंगळ असा हलत नाई."

"मले काय समजत नाई का? पन हलवला म्हनून थो भांडालेबी येत नाई."

वैशाखात लग्न झालं. चतुरा मळ्यात आली आणि मिरचीचा पाट साफ राहू लागला. मारोतराव मोट हाकत, शालिकराम वाफे खुरपत मंगळाची गोष्ट सांगे, चतुरा फावडं घेऊन ऐके आणि मध्येच अडवी. प्रोफेसर निघाला तेव्हा त्याच्या बायकोला सांगून निघाला का? घागरीत बसून एवढे दिवस खात काय होता? शालिकराम बाजारातून परत आला की तिचा पहिला प्रश्न, पुढचा अंक आला का? आणि एके दिवशी अंक येणं बंदच झालं. वाचनालयानं ते मासिक घेणं सोडलं. प्रोफेसर कालव्याच्या काठी, समोरून येणाऱ्या सहा बोटांच्या माणसांकडं बघत, तसाच उभा राहिला.

भादव्यात शालिकरामला हिवताप आला. गावात घरोघरी होता, त्यालाही आला. पण चतुराच्या तोंडचं पाणी पळालं. ती त्याच्या अंथरुणाजवळ जाईना. दुरून काढा सरकवी आणि दाराशी जाऊन बसे. मोटेचा किस्सा आता घरातल्या थट्टेचा झाला होता. मारोतराव जेवताना हटकून काढत. तिनंही तो ऐकला होता. तेव्हा हसलीही होती.

सोजरबाई चुलीपाशी होती. चतुरा तिच्याजवळ येऊन बसली. सासूला ती मामी म्हणे, सासऱ्याला मामाजी.

"मामी, एक खरं सांगजा. मोट जुंपली होती का सोडली होती?"

सोजरबाईनं फुंकणी खाली ठेवली. सुनेकडं नीट पाहिलं. आता ही हसण्याची गोष्ट नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

"बाई, खरं सांगू? मले त्या दिवशी दिवस हाय का रात हाय, थे समजत नव्हतं. मोट जुंपली होती का सोडली होती का इहिरीत पडली होती, मले काय माईत?"

"अन् मामाजी? थे तं म्हन्तात आवाज आयकला."

"थे घाबरून बैलापाशी जाऊन बसले होते. दोन डाव जुंपले अन् दोन डाव सोडले त्यायनं. मंग कोन्त्या डावाले आवाज आला, त्यायनं काय मोजलं हाय?"

"म्हन्जे कोनालेच माईत नाई."

"कोनालेच नाई. अन् ज्याले माईत असावं म्हन्तात त्या मंगळालेबी माईत नाई. हे तुह्या नवऱ्यानंच सांगतलं ना भर ओसरीत? मले तं तवाच पटलं. म्हनून बोलली मी." तिनं पातेल्यातला काढा वाटीत ओतला. "घरोघरी तापानं पडले हायेत. त्या साऱ्यायच्या घरात काय मंगळाच्या सुना हायेत का? जा, घेऊन जा."

चतुरानं वाटी पदरात धरली. मग उठली, आत गेली आणि या वेळी त्याच्या उशाशी बसली. शालिकरामचे दात वाजत होते.

"प्रोफेसरालेबी असंच झालं होतं," तो गोधडीतून म्हणाला.

"काढा प्या. थो मानूस कवाचा तिथं काठावर उभा हाय, त्याले कोनी बस म्हनलं का नाई?"

"पुढचा अंक आला नाई ना."

"मंग मी सांगतो. तुमी प्या." तिनं गोधडी त्याच्या पायांखाली खोचली आणि भिंतीला टेकली. "तर त्या सहा बोटायच्या लोकायत एक सासू होती."

चुलीपाशी वाजणारी भांडी वाजायची थांबली.